डोळ्याखालची कातडी लोंबली : शस्त्रक्रिया करावी की साध्या उपायांवर भागवावे?

१३ डिसेंबर हा संत लुसीचा सण. डोळ्यांच्या रुग्णांची ही पालक संत. आपल्या मोहगाव-सौंसर भागात त्याच सुमारास आंबिया बहाराच्या संत्र्याची तोड जोरात असते. धूळ, ऊन आणि सकाळचा गार वारा डोळ्यांना एकदमच सोसावा लागतो. त्यामुळे या दिवसांत मिस्सेनंतर डोळ्यांविषयी विचारणारे बरेच भेटतात. यंदा एकाच रविवारी दोघांनी जवळजवळ एकाच शब्दांत प्रश्न विचारला.

पहिली होती पन्नाशीची एक बाई. ती म्हणाली, "माह्या डोयाखाली थैल्या लोंबल्या. पोरीचं लगन हाये. नागपूरले सुई मारून बरं करतात म्हन्ते, मारू का?" तिच्यामागे उभे असलेले सत्तरी ओलांडलेले आजोबा खांद्यावरच्या दुपट्ट्याने डोळा पुसत म्हणाले, "माह्याबी डोयाखालची कातडी लोंबली. पानी काही थांबत नाही. आता म्हातारपन हाये, चालायचंच."

वाचकहो, या दोघांचे शब्द एक असले तरी दुखणे एक नव्हते. बाईचे काम सावकाश, विचार करून, किंवा मुळीच न केले तरी चालण्यासारखे होते. आजोबांचे काम मात्र थांबण्यासारखे नव्हते. आणि नेमके तेच "चालायचंच" म्हणत होते! म्हणून या पानावर आज हाच विषय घेतला आहे. सुई, मलम, लेसर की शस्त्रक्रिया, हा प्रश्न दुसरा. काय लोंबले आहे, हा प्रश्न पहिला.

पापणीची कातडी साऱ्या शरीरात सर्वांत पातळ, एक मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीची असते. तिच्याखाली डोळा मिटणारा गोल स्नायू असतो. त्यामागे एक पातळ पडदा, आणि पडद्यामागे डोळ्याला गादीसारखी आधार देणारी चरबी. खालच्या पापणीत या चरबीच्या तीन पुड्या असतात. पापणीची कड दोन्ही कोपऱ्यांत मजबूत पट्ट्यांनी हाडाला बांधलेली असते. वय वाढले की हे सगळेच थोडे थोडे सैल होते. झाडावर जास्त दिवस राहिलेल्या संत्र्याची साल फोडींपासून सुटते, तसे कातडीचे होते. पडदा ढिला पडला की चरबी पुढे येते आणि थैली दिसू लागते. कोपऱ्याच्या पट्ट्या ढिल्या झाल्या की पापणीच डोळ्यापासून सुटते. ऊन आणि तंबाखूचा धूर यांनी हे लवकर होते. काही घराण्यांत तर तिशीतच थैल्या दिसतात. तो वारसा असतो, रोग नव्हे.

आता आरसा घेऊन उजेडात बसावे. हात साबणाने धुवावेत. फवारणी करून आला असाल तर दोनदा धुवावेत. डोके सरळ ठेवून नजर वर छताकडे न्यावी. डोळ्याखालचा फुगवटा तेव्हा जास्त उठून दिसला, तर तो बहुधा चरबीचा आहे. फुगवटा नसून नुसत्या बारीक सुरकुत्या आणि चिमटीत येणारी सैल कातडी असेल, तर दोष कातडीत आहे. सकाळी फुगलेले आणि दुपारपर्यंत उतरलेले असेल, तर ते साचलेले पाणी आहे. शेवटी बोटाच्या टोकाने खालची पापणी हळूच खाली ओढून सोडावी आणि डोळा मिचकावू नये. धडधाकट पापणी लगेच टपकन डोळ्याला जाऊन चिकटते. ती सावकाश गेली, किंवा मिचकावेपर्यंत तशीच लोंबत राहिली, तर पापणीचा ताण गेला आहे असे समजावे. डोळा दुखत असेल, लाल असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर ही ओढाओढ करू नये.

आजोबांची पापणी ओढून सोडायची गरजच पडली नाही. ती आधीच बाहेर वळली होती आणि आतला लाल भाग उघडा दिसत होता. पापणीच्या नाकाकडच्या टोकाला अश्रू वाहून नेणारे सुईच्या टोकाएवढे छिद्र असते. पापणी वळली की ते छिद्र डोळ्यापासून दूर जाते आणि पाणी नाकात न उतरता गालावर ओघळते. माणूस ते दिवसातून पन्नासदा पुसतो, आणि पुसताना दुपट्टा किंवा पदर वरून खाली ओढतो. प्रत्येक ओढीने पापणी आणखी खाली येते, म्हणून पाणीही आणखी येते. डोळा पुसायचाच असेल तर स्वच्छ मऊ कापडाने, बाहेरून नाकाकडे आणि किंचित वर असा टिपावा.

गंमत अशी, की पाणी वाहणारा हा डोळा आतून कोरडा पडत असतो. पापणी बुबुळावर नीट फिरत नाही आणि अश्रूंचा थर सारखा पसरत नाही. कोरड्या पडलेल्या बुबुळाला कपाशीच्या बोंडाचे टोक, संत्र्याची काटेरी फांदी किंवा तुरीचे भूस लागायला कितीसा वेळ? तिथे जखम होते, जखमेत बुरशी शिरते आणि डोळ्यात फूल पडते. शेतकरी भागात एका डोळ्याने आंधळे होण्याचे हे एक मोठे कारण आहे. म्हणूनच बाहेर वळलेल्या पापणीला क्रीम लावून वेळ घालवू नये. डॉक्टर अश्रूंसारखे थेंब आणि रात्रीसाठी मलम देतात, ते जरूर घालावे. पण त्याने डोळ्याचे रक्षण होते, पापणी आपल्या जागी येत नाही.

ती जागी येते छोट्या शस्त्रक्रियेने. पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्याकडचा भाग थोडा आखूड करून डॉक्टर तो हाडावरच्या आवरणाला टाक्याने घट्ट बांधतात. खाटेची ढिली नवार ओढून बांधावी, तशातला प्रकार. भूल फक्त त्या जागेपुरती देतात, आणि बहुतेकांना त्याच दिवशी घरी जाता येते. पापणी भाजल्यामुळे किंवा जुन्या जखमेच्या वणामुळे ओढली गेली असेल, तर तिथली कातडीच कमी पडलेली असते. अशा वेळी कानामागची किंवा वरच्या पापणीची थोडी कातडी काढून तिथे लावतात.

याच्या उलटही होते. पापणी आत वळते आणि केस बुबुळावर घासतात. डोळ्यात सतत खडा असल्यासारखे वाटते. डॉक्टर दाखवतील त्याप्रमाणे चिकटपट्टीने पापणी खाली ओढून ठेवली तर काही दिवस आराम पडतो. घरी चिमट्याने केस उपटत बसू नये. अर्धवट तुटलेला केस जास्त टोचतो. येथेही कायमचा उपाय शस्त्रक्रियेचाच. आपल्या आजी-आजोबांच्या काळी खुपरीमुळे वरची पापणी आत वळण्याचे प्रकार फार होते. भारत सरकारने १९६३ साली खुपरीविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून खुपरी हटल्याचे मान्य केले. तरी जुने वण असलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या पापण्या एकदा दाखवून घ्याव्यात.

एका बाजूचे तोंड वाकडे होऊन पापणी लोंबली असेल, तर गोष्ट वेगळी. यात स्नायूच लुळा पडलेला असतो. हातपाय लुळे पडले किंवा बोबडी वळली तर तो मेंदूचा झटका असू शकतो. त्याच तासाला मोठे इस्पितळ गाठावे. नुसत्या चेहऱ्याचा लकवा असेल तर पुष्कळ रोगी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे होतात. तोवर डोळा सांभाळणे हेच मुख्य काम. दिवसा थेंब घालावेत, रात्री मलम घालून पापणी पट्टीने मिटवावी. अंगावर बधिर चट्टा असून डोळा मिटत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आणि पापणीचा लुळेपणा सहा महिन्यांच्या आत दाखवला तर गोळ्यांनी सुधारण्याची बरीच आशा असते. यात लाज कसली? लाज धरून बसलेल्यांचेच डोळे गेले आहेत.

आता बाईंच्या प्रश्नाकडे वळू. तिची पापणी ओढून सोडली तर टपकन परत गेली. पाणी नाही, लाली नाही. वर पाहिले की थैल्या उठून दिसत. म्हणजे काम चरबीचे, आणि प्रश्न दिसण्याचा. चांगले दिसावे असे वाटणे हे काही पाप नव्हे. पण संत्र्याची बाग विकून आलेला पैसा कुठे जातो, हे मात्र पाहिले पाहिजे.

त्याआधी एक खबरदारी. थैल्या थोड्याच दिवसांत अचानक आल्या असतील, तर सौंदर्याचा दवाखाना सोडून साध्या डॉक्टरकडे जावे. सकाळी डोळे सुजतात, पायांवर बोट दाबले की खड्डा राहतो, लघवीला फेस येतो, ही मूत्रपिंडाच्या विकाराची चिन्हे आहेत. लहान मुलाचे डोळे असे सुजले तर एक दिवसही थांबू नये. चेहरा फुगीर, आवाज घोगरा, थंडी सहन होत नाही. किंवा उलट डोळे मोठे, बाहेर आल्यासारखे दिसतात आणि छाती धडधडते, तर गळ्यातील थायरॉईड ग्रंथी तपासावी. आणि पापणीवर गाठ किंवा फोड असेल, तो भरून येत नसेल, रक्त येत असेल, त्या जागेचे केस गळले असतील, तर ती कर्करोगाची गाठ असू शकते. तिच्यावर कोणतेही मलम चोळत बसू नये.

हे काही नसेल तर साधे उपाय आधी करावेत. रात्री लोणचे, पापड, मीठ कमी. उशी थोडी उंच. सकाळी गार पाण्यात भिजवलेल्या फडक्याची घडी दहा मिनिटे डोळ्यांवर. शेतात रुंद काठाची टोपी आणि साधा काळा चष्मा. डोळे चोळण्याची खोड सोडावी. ॲलर्जीने खाज येत असेल तर तिचाच उपचार करावा. एवढ्याने साचलेले पाणी उतरते. चरबी मात्र जात नाही, आणि जी क्रीम ती घालवते असे सांगून विकली जाते ती खोटी. जीवनसत्त्व 'अ'पासून बनवलेल्या मलमांनी बारीक सुरकुत्या काही महिन्यांत थोड्या कमी होतात. पण डोळ्यांजवळ ती झोंबतात, आणि गरोदर स्त्रीने ती वापरू नयेत. गोरे होण्यासाठी म्हणून दुकानात मिळणाऱ्या पुष्कळ मलमांत स्टेरॉईड असते. त्याने आधीच पातळ असलेली पापणी आणखी पातळ होते, आणि डोळ्यात उतरले तर काचबिंदू व मोतीबिंदू होऊ शकतो. ही मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम आहे. नियम दुकानाच्या भिंतीवर आणि मलम गल्ल्यावर, असे चालते, ते आपणच ओळखावे.

पवित्र शास्त्रात तोबीतचे डोळे माशाच्या पित्ताने बरे झाल्याची कथा आहे. ती विश्वासाची कथा आहे, औषधाचा कागद नव्हे. रुईचा चीक, मध, अंगावरचे दूध, सुरमा यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. रुईच्या चिकाने बुबुळ पोळते, आणि कित्येक सुरम्यांत शिसे असते.

मग ती "सुई" म्हणजे काय? सुया दोन प्रकारच्या, आणि लोक त्यांची गल्लत करतात. एकीत स्नायू सैल करणारे औषध असते. त्याने हसताना पडणाऱ्या सुरकुत्या तीन-चार महिने कमी दिसतात. थैलीवर तिचा उपयोग नाही, आणि पापणी आधीच ढिली असेल तर ती आणखी लोंबते. दुसरीत घट्ट जेल असतो. तो डोळ्याखालचा खड्डा भरण्यासाठी आहे. थैली लहान आणि तिच्याखाली खोल घळ असेल, तर घळ भरल्याने थैली कमी दिसते. मोठ्या थैलीवर तो घातला तर डोळ्याखाली अधिकच फुगते, आणि पातळ कातडीतून कधी निळसर झाक दिसते. परिणाम काही महिने ते वर्ष-दीड वर्ष टिकतो, मग पुन्हा खर्च. क्वचित हा जेल रक्तवाहिनीत शिरून डोळा कायमचा जाऊ शकतो. क्वचित असले तरी ज्याचा गेला त्याचा गेलाच. म्हणून ब्यूटी पार्लरमध्ये किंवा लग्नाच्या गडबडीत कोणाच्या घरी बसून ही सुई कदापि घेऊ नये.

लेसरने कातडीचा वरचा थर तापवून ती आवळतात. सुरकुत्यांना हे लागू पडते. पण आपल्या सावळ्या कातडीवर भाजल्याच्या जागी काळे डाग उठण्याचा धोका गोऱ्या लोकांपेक्षा जास्त, आणि नंतर कित्येक आठवडे ऊन टाळावे लागते. शेतावर राबणाऱ्याने ऊन टाळायचे कसे? शहरात पंख्याखाली बसणाऱ्यासाठी जो उपाय बरा, तो तोडणीच्या दिवसांत आपल्याला महागात पडतो, हे मला मोठ्या भावाच्या नात्याने सांगावेसे वाटते.

खऱ्या थैल्यांवर टिकाऊ उपाय शस्त्रक्रियाच. पापणीची शस्त्रक्रिया ही काही परदेशातून आलेली नवलाई नव्हे. केस आत वळणाऱ्या पापणीची कातडी जवाच्या आकाराएवढी कापून केसाने शिवावी, असे सुश्रुतसंहितेत वर्णन आहे. आज खालच्या पापणीसाठी दोन वाटा आहेत. कातडी चांगली ताणलेली असून फक्त चरबी पुढे आली असेल, तर पापणीच्या आतल्या बाजूने छेद घेऊन चरबी थोडी काढतात किंवा खालच्या घळीत सरकवतात. बाहेर वण राहत नाही. कातडीही जास्त असेल तर पापणीच्या केसांखालून बारीक छेद घेतात. हा वण पुढे सुरकुतीत मिसळून जातो. पापणी किंचितही ढिली असेल तर त्याच वेळी कोपराही बांधून घ्यावा लागतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. जास्त कातडी कापणारा डॉक्टर चांगला, असे नाही. कातडी गरजेपेक्षा थोडी जरी जास्त गेली तरी पापणी खाली ओढली जाते, डोळ्याचा पांढरा भाग उघडा पडतो आणि डोळा कोरडा होतो. म्हणजे बाईचे आजोबा झाले! राहिलेली कातडी पुढे काढता येते, काढलेली परत लावणे अवघड.

शस्त्रक्रियेनंतर सूज आणि निळेपणा दोन आठवडे दिसतो, पूर्ण बसायला दोन-तीन महिने लागतात. त्यामुळे लग्न महिन्यावर आले असेल तर मुळीच करू नये, फोटो उलट बिघडेल. टाके सुमारे आठवड्याने काढतात. दोन आठवडे वाकून काम नाही, संत्र्याचे कॅरेट उचलणे नाही, धूळ-धूर नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरला आधीच सांगावे. ती आपल्या मनाने बंद करू नये. घरी आल्यावर डोळ्यात असह्य कळ येऊन डोळा पुढे आल्यासारखा वाटला किंवा अंधारी आली, तर आत रक्त साचत असते. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघावे. सकाळची वाट पाहिली तर नजर जाऊ शकते.

बाईने सारे ऐकले आणि म्हणाली, "मंग लगन होऊ देतो. पावसाळ्यात पाहू." मला तिचा विचार पटला. पावसाळ्यात ऊन कमी असते. पण चिखलपाण्यातली निंदणी तेव्हाच येते, म्हणून दोन आठवडे घरात राहता येतील असेच दिवस निवडावे.

आजोबांना मात्र याच महिन्यात पाठवायचे ठरले. छिंदवाड्याच्या सरकारी इस्पितळात किंवा नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्रविभागात दाखवता येते. आयुष्मान कार्डावर वर्षाला कुटुंबाला पाच लाखांपर्यंतचा उपचार मिळतो, आणि कार्ड मध्य प्रदेशचे असले तरी योजनेत असलेल्या महाराष्ट्रातील इस्पितळात चालते. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही. त्यांचे कार्ड वेगळे निघते. नुसते दिसण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया या योजनेत बसत नाही. पापणी बाहेर किंवा आत वळल्याने डोळ्याला त्रास असेल, तर तसे डॉक्टरकडून कागदावर लिहून घ्यावे आणि भरती होण्याआधीच इस्पितळातील आयुष्मान मित्राला दाखवून मंजुरी विचारावी.

जाताना आधारकार्ड, आयुष्मान कार्ड, रक्तदाब व साखरेचे जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटे आणि घरातला पाच-दहा वर्षांपूर्वीचा एक फोटो बरोबर घ्यावा. पापणी आधी कुठे होती हे फोटोवरून डॉक्टरला चटकन कळते. सोबत एक तरुण माणूस असावा, कारण परतीच्या बसमध्ये एका डोळ्यावर पट्टी असते. आणि दुपट्टा घरी ठेवून धुतलेले दोन रुमाल न्यावेत.